एक गोळी, थोडा व्यायाम आणि छत्तीस वर्षं



मागच्या लेखात आपण शोधनिबंधाचा सारांश कसा वाचायचा ते बघितलं. आज त्याचीच दुसरी बाजू बघू: नुसता सारांश वाचून थांबलं की काय होतं. उदाहरण माझ्याच घरातलं आहे आणि चूकही माझीच आहे, म्हणून थोडं लाजतच लिहिते आहे.

दिवाळीनंतर माझ्या मामांना लकवा मारला. आमच्या नागपूरकडे असंच म्हणतात. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात, पुस्तकात पक्षाघात लिहितात, आणि आजीच्या पिढीच्या तोंडी अजूनही अर्धांगवायू असतो. मामा एसटीत कंडक्टर होते. ज्या उजव्या हातानं आयुष्यभर तिकिटं पंच केली, तोच हात गेला. दीड महिन्यानंतर ते काठी घेऊन चालायला लागले, पण बोटं आवळलेलीच राहिली. फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून तीनदा घरी येतात आणि टेबलावर टॉवेल पुढे सरकवणं, एका वाटीतले तुरीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकणं, असले व्यायाम करून घेतात.

अशात पुण्याच्या मामेभावानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. अमेरिकेत म्हणे व्यायामाच्या आधी एक उत्तेजक गोळी देतात आणि हात लवकर येतो. रात्री साडेदहाला मामीचा फोन. "पोरी, तू औषधाचंच शिकून राहिली ना? मग सांग ना, आणाची का नाही ते गोळी?"

मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि आता पीएचडी करते आहे. मी डॉक्टर नाही. पण मामीसाठी हा फरक फार बारीक आहे. मी म्हटलं, बघून सांगते. लॅपटॉप उघडला, पंधरा मिनिटांत १९८८चा एक निबंध सापडला, सारांश वाचला आणि फोन करून सांगितलं, "मामी, चांगलं दिसतंय हो. खरंच फायदा झालाय लोकांना."

दुसऱ्या दिवशी मला हे वाक्य परत घ्यावं लागलं. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

औषध आधी आलं, आजार नंतर सापडत गेला

त्या गोळीचं नाव अॅम्फेटामिन. तिची गोष्ट स्ट्रोकपासून सुरूच होत नाही. १८८७ मध्ये लाझार एडेलेआनू या रोमानियन रसायनशास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला. त्याचा उपयोग काय, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं ते शोधलंही नाही. जवळजवळ चाळीस वर्षं तो रेणू तसाच पडून राहिला.

दुसरीकडे एफेड्रा नावाच्या झुडपातून जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळं काढलं होतं. १९२०च्या दशकात दम्यासाठी एफेड्रिनला जगभर मागणी आली. आपल्याकडे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी भारतात उगवणाऱ्या एफेड्राच्या जाती याच काळात तपासल्या. वनस्पतीवर अवलंबून राहायला नको म्हणून कॅलिफोर्नियातला गॉर्डन अॅलेस कृत्रिम पर्याय शोधत होता. त्या शोधात १९२७च्या सुमारास तो अॅम्फेटामिनपाशी पोचला. १९३०च्या दशकात हे औषध बेन्झेड्रिन या नावानं चोंदलेल्या नाकासाठी विकलं गेलं, मग मरगळ घालवायला आणि भूक मारायला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायलाही दिलं गेलं. सवय लागते, हे लक्षात यायला वेळ लागला. आज आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, ते मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे.

शरीरात ते करतं काय? मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिन ही दोन रसायनं साठवलेली असतात. अॅम्फेटामिन तो साठा बाहेर काढतं आणि परत आत जाऊ देत नाही. माणूस सावध होतो. सोबत नाडी वाढते आणि रक्तदाबही वाढतो. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच्या अगदी उलट्या दिशेनं काम करणारं औषध आपल्या महाराष्ट्रातून जगापुढे गेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम केलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन आलेले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. सर्पगंधेतलं रिसर्पिन हेच साठे रिकामे करतं, हे पुढच्या दशकात कळलं. म्हणजे एक औषध साठा एकदम बाहेर ओततं, दुसरं साठा भरूच देत नाही. मेंदूची हालचाल या रसायनांशी बांधलेली आहे, हे शास्त्रज्ञांना पटलं त्यात रिसर्पिनवरच्या कामाचा मोठा वाटा होता.

एका अरुंद पट्टीवरचे उंदीर

मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांना अॅम्फेटामिन देऊन बघणं जुनं आहे. १९४६ मध्ये मॅलिंग आणि अॅचिसन यांनी मेंदूचा वरचा संबंध तोडलेल्या मांजरांना ते दिलं, तेव्हा मांजरांची स्वतःला सावरण्याची हालचाल परत दिसली. पण औषधाचा अंमल उतरला की तीही गेली. त्यामुळे बरीच वर्षं याकडे तात्पुरता चमत्कार म्हणूनच बघितलं गेलं.

१९८२ मध्ये डेनिस फीनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा निबंध मुळातून वाचाच. पानं थोडी आहेत, पण प्रयोगाची आखणी कशी असावी याचा धडा आहे.

उंदरांच्या मेंदूच्या एका बाजूचा हालचालीचा भाग काढून टाकला. मग त्यांना अरुंद पट्टीवरून चालायला लावलं. अर्थातच विरुद्ध बाजूचे पाय घसरत. चोवीस तासांनी काही उंदरांना डेक्स्ट्रोअॅम्फेटामिनचा एकच डोस दिला. ते लवकर सुधारले, आणि अंमल उतरल्यावरही सुधारणा टिकली. मांजरांच्या जुन्या प्रयोगापेक्षा हे वेगळं होतं.

आता खरी गंमत. काही उंदरांना तोच डोस दिला, पण लगेच आठ तास बांधून ठेवलं, हलू दिलं नाही. त्यांना फायदा झाला नाही. म्हणजे नुसतं औषध पुरेसं नव्हतं. औषध अंगात असताना हालचाल करावी लागत होती. डोपामिनचं काम रोखणारं हॅलोपेरिडॉल सोबत दिलं तरीही फायदा पुसला गेला. आणि नुसतं हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदरांची सुधारणा उलट मंदावली.

थांबून विचार करा, या प्रयोगात किती प्रश्न एकत्र विचारलेत. औषधानं फरक पडतो का? तो टिकतो का? हालचाल लागते का? उलटं औषध दिलं तर उलटं होतं का? चारही उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवतात. असा प्रयोग वाचला की कोणाचंही मन भुलेल. माझं तर भुललंच.

फीनींनी यामागचं कारणही सुचवलं. मेंदूचा एक भाग मेला की त्याच्याशी जोडलेले दूरचे भाग जिवंत असूनही गप्प होतात. ही कल्पना कॉन्स्टंटिन फॉन मोनाको यांनी १९१४ मध्येच मांडली होती, तिला डायास्किसिस म्हणतात. घरातला एक माणूस गेला की बाकीचे सुन्न होऊन बसतात, तसं काहीसं. नॉरअॅड्रेनलिन त्या गप्प बसलेल्या भागांना उठवतं, आणि त्याच वेळी सराव मिळाला तर ते पुन्हा कामाला लागतात, असा हा तर्क.

आठ माणसं

मी मामीला ज्याच्या जोरावर सांगितलं, तो १९८८चा निबंध क्रिसोस्टोमो आणि सहकाऱ्यांचा. स्ट्रोक होऊन दहा दिवसांच्या आतले आठ रुग्ण. चौघांना १० मिलिग्रॅम अॅम्फेटामिन, चौघांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि सगळ्यांना औषधाच्या अमलात फिजिओथेरपी. दुसऱ्या दिवशी हातापायांची चाचणी. चाचणीचं नाव फ्युगल-मायर. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेली ही मोजपट्टी, हालचालीचे एकूण १०० गुण, त्यातले ६६ हाताचे आणि ३४ पायाचे. औषध घेतलेला गट पुढे होता.

सारांशात हे सगळं लिहिलेलं होतं. आठ हा आकडासुद्धा. मी तो वाचला आणि पुढे गेले.

आता जरा हिशेब करू. आठ जणांतून चार जण निवडायच्या ७० पद्धती आहेत. समजा औषधात काहीच दम नाही. तरीही सगळ्यात जास्त सुधारलेले चौघे नेमके औषधवाल्या गटात पडण्याची शक्यता ७० मध्ये १ असते. ही शक्यता लहान आहे, खरं आहे. पण जगात असे किती लहान अभ्यास होतात? ज्यांत काही सापडत नाही त्यांतले बरेच कपाटातच राहतात, आणि ज्यांत सापडतं ते छापून येतात. शिवाय चौघांच्या गटात एक माणूस म्हणजे पंचवीस टक्के. त्या एकाचा स्ट्रोक मुळातच हलका असेल तर सगळं चित्र बदलतं.

लेखकांनी यात काही लपवाछपवी केली, असं अजिबात नाही. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं होतं. पुरावा मिळाला असं मी समजले.

१९९५ मध्ये डेलाइना वॉकर-बॅटसन यांनी टेक्सासमध्ये पुढचं पाऊल टाकलं. दहा रुग्ण, दर चौथ्या दिवशी १० मिलिग्रॅम, अशी दहा सत्रं, प्रत्येक वेळी व्यायामासोबत. औषधाचा गट पुढे, आणि वर्षभरानंतरही पुढेच. २००१ मध्ये त्यांनी वाचा गेलेल्या २१ रुग्णांवर तीच पद्धत वापरली, व्यायामाऐवजी वाचाउपचार. तिथेही आशादायक निकाल.

इथपर्यंत वाचलंत तर तुम्हीही मामीला माझंच उत्तर दिलं असतं ना?

मग अभ्यास मोठे झाले

त्याच २००१ मध्ये स्वीडनमधून सोंडे आणि सहकाऱ्यांचा ३९ रुग्णांचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा गोळी आणि फिजिओथेरपी, पाच आठवडे. फरक नाही. २००३ मध्ये जर्मनीतून ट्राइग यांचा २४ रुग्णांचा. फरक नाही. २००६ मध्ये कॅनडात ग्लॅडस्टोन यांनी ७१ रुग्ण घेतले, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा अभ्यास. दहा सत्रं, प्रत्येकी १० मिलिग्रॅम. दोन्ही गट सुधारले आणि जवळजवळ सारखेच सुधारले. मध्यम तीव्रतेच्या रुग्णांच्या एका उपगटात थोडी आशा दिसली, पण उपगटातली आशा म्हणजे पुढच्या प्रयोगासाठीचा प्रश्न असतो. तिला उत्तर समजायचं नसतं.

२००७ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात तोपर्यंतचे १० अभ्यास एकत्र केले. एकूण रुग्ण २८७. सरासरी काढा, एका अभ्यासात २९ सुद्धा नाहीत. फायद्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. उलट औषधाच्या गटात मृत्यू थोडे जास्त दिसले. त्याचं कारण दोन गटांत सुरुवातीलाच असलेला फरक असू शकतो, असंही आढावाकारांनी लिहिलं. नियमित वापराची शिफारस त्यांनी केली नाही.

शेवटी २०१८. या निबंधाचे पहिले लेखक लॅरी गोल्डस्टीन. हे नाव लक्षात ठेवा. याच गोल्डस्टीन यांनी १९९० मध्ये, १९८८च्या आठ रुग्णांच्या निबंधातले ज्येष्ठ लेखक डेव्हिस यांच्यासोबत, उंदरांच्या पट्टीवरच्या चालण्याचा नमुना पक्का करण्याचं काम केलं होतं. या कल्पनेवर त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं गेली होती. त्यांच्या चाचणीसाठी १६६५ रुग्ण तपासले गेले आणि बसले फक्त ६४. दर चार दिवसांनी १० मिलिग्रॅम, एका तासानंतर व्यायाम, अशी सहा सत्रं. निकाल: फरक नाही.

आणि त्यांनी तो छापला. स्वतःच्या तीस वर्षांच्या कल्पनेविरुद्धचा निकाल, स्वतःच्या नावानं, साध्या शब्दांत. मला या सगळ्या इतिहासात जास्तीत जास्त आदर वाटतो तो इथे. आपण पीएचडीला बसतो तेव्हा आपल्या गृहीतकावर आपलं प्रेम बसतं. गाइडचंही बसतं. ते चुकलं तर काय करायचं, हे सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहावं लागत नाही.

कुठे निसटलं?

"प्राण्यांवर चालतं, माणसावर चालत नाही" असं म्हणून मोकळं होता येतं. पण तुम्ही संशोधन करणार आहात, तेव्हा नेमकं काय वेगळं होतं ते बघू.

पहिली गोष्ट, डोस. उंदरांना किलोमागे २ मिलिग्रॅम दिले होते. सरळ गुणलं तर ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम होतील, पण असं गुणायचं नसतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं उंदराचा डोस साधारण ६.२ नं भागतात. उत्तर येतं किलोमागे ०.३२, म्हणजे सुमारे १९ मिलिग्रॅम. माणसांना दिले १०. म्हणजे जवळपास निम्मे. मग वाढवायचे होते की! पण ज्या माणसाचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे, त्याला रक्तदाब वाढवणारं औषध किती देणार?

दुसरी गोष्ट, वेळ. उंदरांना चोवीस तासांनी औषध दिलं. माणसांना दिवसांनी किंवा आठवड्यांनी. मग माणसांनाही पहिल्याच दिवशी औषध देऊन उठवावं का? तेही सोपं नाही. २०१५ मध्ये एव्हर्ट नावाच्या चाचणीत २१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना स्ट्रोकनंतर चोवीस तासांच्या आत जोरात हालचाल सुरू करून दिली. त्यांचा निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा वाईट निघाला.

तिसरी गोष्ट, इजा. उंदरांचा मेंदू एकाच जागी, एकाच मापानं कापला होता. ते तरुण, सारख्या वंशाचे. माणसांत कोणाची गुठळी, कोणाचा रक्तस्राव, कोणाचं वय पन्नास, कोणाचं ऐंशी, सोबत साखर आणि हृदयविकार. अॅम्फेटामिन धोक्याचं ठरेल अशा सगळ्यांना वगळलं की १६६५ मधले ६४ उरतात. आणि त्या ६४ वरून निघालेलं उत्तर उरलेल्यांना लागू पडेल का, हा प्रश्न राहतोच.

चौथी गोष्ट आपण नेहमी विसरतो. पहिल्या तीन महिन्यांत बरेच रुग्ण औषधाशिवायही सुधारतात. वाहत्या पाण्यात होडी सोडली तर ती पुढे जातेच. वल्ह्यामुळे किती गेली हे कळायला खूप होड्या लागतात.

हीच गोष्ट पुन्हा, आणि पुन्हा

अॅम्फेटामिनची ही गोष्ट एकटी नाही. लेव्होडोपा घ्या. २००१ मध्ये जर्मनीत ५३ रुग्णांना व्यायामासोबत ते दिलं, फायदा दिसला. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ५९३ रुग्णांवर तपासलं, फायदा नाही. फ्लुओक्सेटिन घ्या. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर फ्लेम चाचणी झाली, हात सुधारला. जगभर डॉक्टर ते लिहून द्यायला लागले. मग फोकस ३१२७ रुग्णांची, अॅफिनिटी १२८० ची आणि इफेक्ट्स १५०० ची. तिन्हींत दैनंदिन कामांत फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

आणि फक्त गोळ्यांचंच असं होतं असं समजू नका. आपल्याच देशातलं उदाहरण आहे. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये अटेंड चाचणी छापून आली. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. कल्पना सुंदर होती: फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, तर घरच्या माणसालाच व्यायाम शिकवू. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. आपल्या मनाला पटणाऱ्या, स्वस्त, घरगुती कल्पनेलाही हीच परीक्षा द्यावी लागते. याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी आहे असा नाही. नेहमीच्या उपचारात दोन्ही गटांना काही ना काही मिळतच होतं; त्यात ही भर घालून फरक पडला नाही, एवढाच तो निकाल.

आपल्या भागातला प्रश्न

आमच्या नागपूरहून गडचिरोलीकडे गेलं की हा प्रश्न वेगळाच दिसतो. 'सर्च' संस्थेच्या योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. २०१५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं, १४.३ टक्के. बहुतेक जण घरीच गेले.

म्हणजे बघा, जगातली प्रयोगशाळा छत्तीस वर्षं विचारत होती की व्यायामाच्या आधी गोळी द्यावी का. आणि आपल्याकडे खूप गावांत प्रश्न असा आहे की व्यायाम कोण करून घेणार, आणि त्याआधी रक्तदाब कोण मोजणार. मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात सुरू झालं, पोलिओच्या साथींच्या काळात. ते शास्त्र जिल्ह्याच्या गावापर्यंत पुरेसं पोचायला अजून किती वर्षं लागतील? तुमच्यापैकी कोणाला विषय शोधायचा असेल, तर इथे आहे.

मामीला काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरीच गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. मामेभावानं तोवर दोन मेडिकलवाल्यांना विचारूनही ठेवलं होतं. मामांचा रक्तदाब त्या सकाळी १६० च्या वर होता. म्हणजे माझ्या पंधरा मिनिटांच्या वाचनावर विसंबून ज्या माणसाच्या मेंदूतली नस रक्तदाबानं बंद झाली, त्याला रक्तदाब वाढवणारी गोळी द्यायची तयारी चालली होती.

मी म्हटलं, "मामी, काल मी चुकीचं सांगितलं. आठ लोकांवरचं वाचून बोलले. नंतर शेकड्यांवर बघितलं, फायदा नाही निघाला. आणि मामांसाठी ते धोक्याचं आहे."

मामी काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग आता?"

हे सगळ्यात अवघड. एखादी आशा काढून घेतली की त्या जागी ठेवायला काहीतरी लागतं, आणि "पुरावा अपुरा आहे" हे वाक्य तिथे ठेवता येत नाही. मी जे ठामपणे सांगू शकत होते तेवढंच सांगितलं. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि काहीही बदलायचं तर डॉक्टरांना विचारूनच. (रक्तदाबाच्या काही औषधांमुळे सुधारणा मंदावते का, यावरही अभ्यास झालेत. ते वाचून कोणी घरच्या घरी गोळी बंद करू नका. दुसऱ्या स्ट्रोकचा धोका त्याहून फार मोठा आहे.) थेरपिस्ट ताई येत नाहीत त्या दिवशीही तुरीचे दाणे मोजायचे. आणि दर रविवारी आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे सुधारणा होते आहे की नाही ते आपल्या मूडवर ठरणार नाही.

मामांनी डाव्या हातानं वही ओढली. पहिल्या रविवारी पाच मिनिटांत ४ दाणे. मागच्या रविवारी ११. याचं श्रेय व्यायामाला की वाहत्या पाण्याला, ते मी सांगू शकत नाही. एकच माणूस आहे, दुसरा गट नाही. मामांना त्यानं काही फरक पडत नाही. ते म्हणतात, "बाराच्या वर गेलं का मंग बटण लावून पाहू."

तुमच्यासाठी एक गृहपाठ देते. पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या विषयातला सगळ्यात लाडका निबंध काढा, ज्यामुळे तुम्ही या विषयाकडे वळलात तो. त्यात किती नमुने होते ते बघा. मग त्यानंतरच्या वीस वर्षांत त्याच प्रश्नावर झालेला सगळ्यात मोठा अभ्यास शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा, सारांश नाही, पूर्ण. काय सापडलं ते मला कळवा. आणि घरून रात्री साडेदहाला कोणी विचारलं, तर "उद्या सांगते" म्हणायला लाजू नका.

पुढच्या लेखात रिकाम्या गोळीबद्दल, म्हणजे प्लासिबोबद्दल.